हातानं भरलेलं ठिकाण

काकाजी, नवा वायरलेस सेट घेतला आहे. डिजिटल. तुमच्या वेळच्या सेटमधून आवाजासोबत कढईत जिरं तडतडल्यासारखी खरखर यायची. यातून आवाज धुतलेल्या तांदळासारखा येतो. आणि बोलायचं बटण दाबलं की आवाजाबरोबर माणूस कुठं उभा आहे तेही जातं. सेट सॅटेलाइटकडून आपली जागा समजून घेतो, कॉलसाइनसकट, म्हणजे हवेतल्या आपल्या नावासकट पाठवतो, आणि मोबाइलच्या नकाशावर ठिपका उमटतो. तुम्ही असता तर आधी उलटासुलटा करून पाहिला असता आणि विचारलं असतं, "खोलून नाही पाहिला अजून?" नाही पाहिला. गॅरंटी जाते.

ती ठिकाणाची सोय चालू करायला मला चार दिवस लागले. पुस्तिका इंग्रजीत, चष्मा जुना. कॉलसाइन भरला, नकाशावरच्या चिन्हांमधून घर, मोटार, जहाज सोडून चालणारा माणूस निवडला, किती मिनिटांनी ठिकाण पाठवायचं ते ठरवलं. पण घरात बसून सॅटेलाइट सापडेना, डोक्यावर स्लॅब. मेनूत आणखी एक सोय दिसली, ठिकाण हातानं भरायची. मी रिसालीतल्या घराचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर पाहिले आणि टाकले भरून. ठिपका लगेच उमटला. मी लहान पोरासारखा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सेट घेऊन भाजीला गेलो, बाजारातूनच दोन शब्द बोललो, तर मुलीचा फोन. "बाबा, नक्शे में तो आप घर पे ही हो! मी पलंगाखाली पण पाहिलं. कुठी लपून राहिले?" ती हसत होती. मी कांद्याच्या पोत्यावर टेकलो. भाजीवाली म्हणाली, "पानी पी ले बबा."

तुम्ही कारखान्याच्या टेलिफोन विभागात फोरमन, मी दहावी नापास हेल्पर. सेक्टर सहाच्या तुमच्या क्वार्टरात, काकूच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला झाळकाम शिकवलं, कारण चांगला उजेड तिथंच होता. काकू ओरडायची, "माझ्या वरणात शिसं पडलं न तर दोघांलेही तेच वाढीन!" हौशी वायरलेसचं लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही मला लांब वही दिली, पट्टीनं स्वतः रकाने आखलेली. वेळ, कॉलसाइन, आवाज कसा, ठिकाण. सकाळी साडेसातला आपण पाच-सहा जण हवेत जमायचो आणि हजेरी मी घ्यायचो. पण मी आळशी. रोजचीच माणसं, रोजचीच ठिकाणं, म्हणून आदल्या संध्याकाळीच कॉलसाइन आणि ठिकाण हे दोन रकाने भरून ठेवायचो. एकदा तुम्ही ते पाहिलं. आवाज चढवला नाही, चहाचा कप तेवढा खाली ठेवला. "माणूस बोलाच्या पहिले त्याचं ठिकाण तुले कसं समजलं?" मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही घरूनच तं बोलता." "तरी विचाराचं. आवाज कसा येते ते मंग. पहिले माणूस कुठी आहे ते." मी कान पकडले. आठवडाभर विचारलंही.

तो रविवार. आदल्या दिवशी मी गच्चीवर नवीन अँटेना चढवली आहे आणि सगळ्यांसमोर तिची फुशारकी मारून झाली आहे. हजेरी संपत आली असताना तुमचा आवाज येतो, बारीक, मधेच तुटणारा. "ऐकून राहिला का रे?" मी ओरडतो, "एकदम कडक, काकाजी! घरात बसल्यासारखं!" तुम्ही थांबता. "बरं. मंग बसतो जरा." मला वाटतं, चहाला बसले. वहीत तुमच्या नावापुढे वेळ टाकतो. ठिकाण आधीच लिहिलेलं आहे, सेक्टर ६. आठला सेट बंद करून आंघोळीला जातो.

तुम्ही सहालाच स्कूटर घेऊन निघाला होता, हॅन्डसेट पिशवीत घालून. माझी अँटेना किती लांबून ऐकते ते पाहायला. काकूला तेवढंच सांगितलं होतं, "त्या पोरासाठी जाऊन येतो, दहापर्यंत येतो." दुपारी ती माझ्याकडे आली. मी वही उघडून दाखवली. "काकू, साडेसातला घरूनच बोलले न." ती मंदिरात गेली होती त्या वेळी. सगळ्यांनी धरलं, तुम्ही लवकर परत आलात आणि पुन्हा कुठं जवळच गेलात. आम्ही सेक्टर पालथा घातला, बाजार पाहिला, हॉस्पिटल पाहिलं. गावाबाहेर, बालोदच्या रस्त्याला कोणी गेलं नाही. तिथं मोहाच्या झाडाखाली, स्कूटर नीट स्टँडवर लावून, तुम्ही बसला होता. दिवस मावळायच्या आधी शेळ्या चारणाऱ्या बाईला दिसलात. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत तरी जीव असावा. त्या दुपारी तुम्ही मला पुन्हा हाक मारली का? सकाळी ठिकाण मुद्दाम सांगितलं नाही, मी विचारतो का ते पाहायला, की तेवढा दमच उरला नव्हता? माझा सेट बंद होता, काकाजी.

तेराव्याला काकू माझ्याजवळ येऊन बसली. "तुह्या वहीनं एक समजलं रे बाबू. ते एकदा घरी येऊन गेले. मीच नव्हती. असती तं चहा केला असता, बसवून ठेवलं असतं." मी मान हलवली. तेव्हापासून ती सकाळी मंदिरात गेली नाही. सुनेनं कितीदा समजावलं. "नाही, त्या वेळी मी घरीच बरी." आता ती नव्वदीला टेकली आहे, मुलाला मिळालेल्या क्वार्टरात राहते, त्याच सेक्टरात, आणि साडेसातला दाराकडे तोंड करून बसते.

बाजारातून आल्यावर मी हातानं भरलेलं ठिकाण पुसलं. सेट अंगणात मोकळ्या आकाशाखाली धरला, चार सॅटेलाइट सापडेपर्यंत हात खाली घेतला नाही. काल सकाळी तो गळ्यात अडकवून स्कूटरवर काकूकडे निघालो. सांगायचं, की ते घरी आलेच नव्हते, तुझं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. दार उघडं दिसलं. खुर्चीचा पाय दिसला. स्कूटर वळवली.

घरी आलो तर मुलगी नकाशा घेऊनच बसलेली. ठिपक्यांची रेघ रिसालीहून सेक्टर सहापर्यंत गेलेली, आणि तिथून माघारी. "बाबा, आजीच्या गल्लीपर्यंत जाऊन वापस कावून आले?" मी म्हटलं, पेट्रोल भरायचं होतं. पेट्रोल पंप दुसऱ्या बाजूला आहे हे तिलाही माहीत आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते दिसतंच आहे. एक सांगतो. आज बसलो होतो ते काकूला लिहायला. कागदावर सगळ्यात वर तिचंच संबोधन होतं. दोनदा खोडलं, आणि मग तुम्हाला लिहायला लागलो, कारण तुम्ही वाचणार नाही.