कचेरीच्या देवडीतलं नाव

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कसबे भोरगाव, ता. वाळवा
१२ सप्टेंबर १९७४

चि. मानसिंगास आक्काचे पोटभर आशीर्वाद. तानूला आणि मुलांनाही त्यातलेच वाटून दे.

तुझं पत्र नाही, म्हणजे सगळं ठीक असणार असं धरून चालले आहे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालास, आता बहिणीला भेटायचं तर अर्जच करावा लागेल बहुतेक. तानूची कंबर कशी आहे? एरंडेल लाव म्हणावं, वासाला भिऊ नको.

आमच्या शे-दीडशे वर्षांच्या जुन्या कचेरीची देवडी ह्यांनी पदरच्या पैशाने दुरुस्त करून दिली, हे तुला ठाऊक आहे. तिथे आता संगमरवरी दगड बसवलाय आणि त्यावर आपल्या नाथाजीचं नाव आहे. लढाईत गेला त्याला डिसेंबरात तीन वर्षं होतील. माझ्या लेकाची राख तेवढी हाती आली होती रे, जाऊन बसायला जागा नव्हती. आता दर शनिवारी जाते, दगड धुते, हळदीकुंकू लावते, पणती ठेवते. बाजाराला आलेल्या बायकाही पाया पडतात. वेडी म्हण हवं तर, पण लेक भेटल्यासारखं वाटतं.

काल तलाठी सांगत होता की असले दगड काढायचा हुकूम आलाय, आणि तोही साताऱ्याहून, तुझ्याच कचेरीतून. मी हसले. मामाच्या कचेरीतून भाच्याचं नाव पुसतील होय? तरी साहेबांच्या कानावर घालून ठेव. माया आहेच, ती चार ओळींतून दिसू दे.

तुझी आक्का

सातारा
२० सप्टेंबर १९७४

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी मानसिंगाचा साष्टांग नमस्कार.

तानूने एरंडेल लावलं. घरभर वास आहे, कंबर आहे तशीच आहे.

तलाठ्याने सांगितलं ते खरं आहे. जुन्या सरकारी इमारतींवर देणगीदाराचं, पेढीचं, गिरणीचं नाव लावायचं नाही, असा हुकूम आहे. सांगलीकडचं कामही आमच्याचकडे असतं, आणि भोरगावचं माझ्या वाट्याला आलंय. हुकूम वाईट नाही, आक्का. कमानीवर गिरणीचं नाव वाचून आत शिरणाऱ्या गड्याला वाटायचं, ही कचेरी सरकारची नाही, गिरणीवाल्याची आहे. त्याने मग गिरणीवाल्याविरुद्ध तक्रार कुठे करायची?

दाजींनी कमानीवर आपल्या गिरणीची, 'मानाई ऑईल मिलच्या सौजन्याने' अशी तांबडी पाटी लावली होती. ती उतरवा म्हणून मी श्रावणात त्यांना कळवलं. त्यांनी उतरवली, मला हायसं वाटलं. त्यानंतर हा दगड बसला. नाथाचं नाव वर आहे खरं, पण खाली तीच गिरणीची अक्षरं आहेत, त्याच्या नावाहून मोठी.

गेल्या आठवड्यात याकूब पाथरवटाला पाठवलं होतं. त्याने हळदीकुंकू पाहिलं, छिन्नी पिशवीत घातली आणि परत आला. म्हणाला की आई पूजती त्या दगडावर आपला हात उचलायचा न्हाई. साहेब म्हणतात, मग तुम्ही स्वतः घाव घाला. नाथाला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. नुसतं त्याचं नाव वेगळ्या दगडावर कोरून तुमच्या परड्यात लावू, पाथरवट मी आणतो. तू हो म्हण.

तुझा मानसिंग

कसबे भोरगाव
२ ऑक्टोबर १९७४

मानसिंगास आशीर्वाद.

पुढचा मायना लिहायला मन होत नाही. तुझं पत्र ऐकून हे जेवणावरून उठले. आत्याबाईंनी सासूच्या हक्काने बजावलं की दगडाला छिन्नी लागली तर भाऊबीजेला साताऱ्याच्या वाटेला लागायचं नाही. ह्यांनीही मान डोलावली. आणि खरं सांगू, मलाही तेच वाटतं.

परड्यात लावू म्हणतोस. परड्यात कोण पाया पडणार त्याच्या? अक्षरं लहान-मोठी कसली बघतोस? ज्याने पैसा घातला त्याचं नाव असायचंच. मला माझ्या पोराचं तेवढं दिसतं. पोटचा गेला, आता पाठचाही जाणार असेल तर जाऊ दे.

आक्का

सातारा
९ ऑक्टोबर १९७४

ती. आक्काला मानसिंगाचा नमस्कार, तू घेतलास तर.

मी घाव घालणार नाही. भोरगावचं काम माझ्याकडून काढून घ्या, असा अर्ज दिलाय. साहेब चिडलेत, बदली लांब कुठेतरी होईल. दिवाळीनंतर दुसरा माणूस येईल, त्याला नाथा कोण ते ठाऊक नसेल.

एकच विचारतो. तू तीन वर्षं बसायला जागा मागत होतीस. दाजींना ती माझी सूचना पोचल्यावरच कशी सुचली, हे त्यांना विचारलंस का? मला विचारायचं धाडस नाही. राग ओसरला की कळव.

मानसिंग

कसबे भोरगाव
२८ ऑक्टोबर १९७४

चि. मानसिंगास आक्काचे आशीर्वाद. मागच्या वेळी हात आखडून दिले होते, तेही यात धर.

विचारलं मी. ह्यांनी लपवलं नाही. म्हणाले की पाटी उतरवावी लागली तवा डोकं चालवलं. पोराचं नाव वर घातल्यावर कोण हात लावतोय, आणि तिथं मेव्हणाच तर हाय. मग माझं तोंड पाहिलं आणि ढसाढसा रडले. त्यांना दुःख नाही असं मी म्हणणार नाही. पण ते त्यांनी गिरणीच्या कामाला जुंपलं. माझी पणतीसुद्धा इतके दिवस त्यांच्या पाटीची राखण करत होती.

दगड निघाला. अर्ज मागे घे. आत्याबाई बोलत नाहीत, हे गिरणीतच जेवतात. भाऊबीजेला मला निघता येणार नाही, तूच ये. ओवाळायला मी दारात उभी राहीन, मग कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.

शनिवारी मीच याकूबला बोलावून घेतलं. देवडीत गर्दी जमली. तो छिन्नी काढेना. म्हणाला की आवं आक्का, पूजलेला दगड हाय, मला पाप लागंल. मग मी खाली बसले आणि हळदीकुंकू पदराने पुसायला लागले. ते अक्षरांत वाळून बसलं होतं, निघेना, तर नखाने काढलं. न्हाऊ घालताना त्याच्या कानामागचा मळ मी असाच काढायची.

सगळं स्वच्छ झाल्यावर याकूबला म्हटलं की आता हा नुसता दगड आहे, घाल घाव. बायका म्हणत होत्या की तुमी घरला जावा, तुमाला बघवायचं न्हाई. मी हलले नाही. नाथा गेला तेव्हा त्याच्याजवळ आपलं कोणी नव्हतं, मानसिंग. ह्या वेळी मी होते.

तुझी आक्का