पांझरेकाठचा पंच

सावदा, ३ फेब्रुवारी २०२५

चि. जीवन यास पंडितमामाचे आशीर्वाद.

तुझ्या ठाण्यातला तो चहा किती महाग होता ते आता कळलं: माझ्या दोन सह्या, कोर्टाचं एक समन्स आणि परक्या माणसाचे तुरुंगातले चौदा महिने. तुझ्या बाळाच्या बारशाला धुळ्यात आलो, भाचा फौजदार म्हणून कौतुकाने ठाणं बघायला शिरलो. पंच व्हायला बाहेरचं कुणी तयार होत नाही म्हणालास, आणि मी कोऱ्या कागदांवर सह्या ठोकल्या. पहिली चूक माझीच.

आज पंचनाम्याची नक्कल वाचली. त्यात मी सकाळी सहाला पांझरेकाठी उभा, आणि अभिमन नावाचा मोटारदुरुस्तीवाला माझ्यासमोर बाभळीखालून चोरीची तांब्याची तार उकरून देतोय. सहाला मी सावद्यात केळीचे घड मोजत होतो. तुझ्याकडे पोचलो साडेअकराला.

परवा त्याची बायको भागाबाई दारात आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. तुम्ही दखं का, डोळ्यांनी पाहिलंत का, एवढंच विचारलं. ती गेल्यावर मी वकिलाकडून ही नक्कल मागवली.

ती तार आली कुठून, ते लिहून कळव. फोन नको, हल्ली मला नीट ऐकू येत नाही.

लोभ आहेच, भरवसा तुझ्या उत्तरावर.

पंडितमामा

धुळे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस जीवनचा सा. न. वि. वि.

अकरा फोन केले, एकही उचलला नाहीत. सावद्यात बसून रावेरचा केळीचा भाव ऐकणारे कान एकाएकी गेले? तुमची सूनबाई डिंपल म्हणते, मामांना फक्त भाच्याचा आवाज ऐकू येत नाही.

तार त्याच्याच दुकानातली, झालं समाधान? चोर तोच, हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. पण कोर्टाला नुसती माहिती पुरत नाही. वरून तगादा होता, म्हणून बाभूळ मी लिहिली. सही मात्र तुमची आहे. कागद कोरा होता हे सांगून तुम्हीच खोटे पडाल. अकरा वर्षांच्या नोकरीत माझा एक कागद कोर्टात उलटलेला नाही.

अठराला या, पांझरेकाठी होतो म्हणा, जेवून जा. नाहीतर तुमच्या केळीच्या गाड्या धुळ्यावरूनच जातात. तपासणीत दोन दिवस उभ्या राहिल्या तर माल पिवळा पडतो, हे मी तुम्हाला काय शिकवणार? आईलाही सगळं सांगितलंय.

वाचून फाडून टाका. लोभ साक्षीपर्यंत तरी टिकवावा.

जीवन

सावदा, २० फेब्रुवारी २०२५

चि. जीवन यास आशीर्वाद.

परवा साक्ष दिली. कोऱ्या कागदावर सही केली, नदीकाठी नव्हतोच, हे सांगितलं. जजसाहेबांनी भर कोर्टात माझी हजेरी घेतली. ती मी खाली मान घालून ऐकली, कारण खरी होती. भागाबाई मागच्या बाकावर होती.

तुझ्या आईचा, लताअक्काचा निरोप मिळाला: यंदा राखी नाही. तो घाव तुझ्या वर्मी लागला नसेल, माझ्या लागलाय.

आज उखर्डू ड्रायव्हरचा फोन आला, गाडी धुळ्याच्या नाक्यावर अडवलीय. स्पष्ट ऐकू आलं. मी त्याला म्हणालो, पिवळी पडली तर तिथल्याच शिपायांना वाट. मी हमाल होतो तेव्हा दुसऱ्याचे घड पाठीवर वाहिलेत. गाडी गेली म्हणून पाठ जात नाही.

माझ्यावर लोभ ठेवू नकोस, बाळाला माझी आठवण सांग.

पंडितमामा

ता. क. तुझं नऊ तारखेचं पत्र फाडलं नाही. कोर्टाने ते निशाणी ३१ म्हणून दाखल करून घेतलं.