काबुघो नावाच्या शंभर बायका

किहुंगु,
मंगळवार, ता. ११ जुलै

इथुंगु,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते, अनेक आशीर्वाद. ते तुला लागावेत अशी माझी इच्छा नाही. इकडे सगळं ठीक. शेळी व्यायली, दोन पिलं झाली, एक मेलं. कॉफी यंदा बरी धरली आहे. मसिका रोज तुझी आठवण काढते. मी तिला सांगते, तुझ्या आईला आपण नकोसे झालो. चार वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगायचं?

शनिवारी भाऊबंदांची बैठक आहे. मसिकाने माझ्याकडे राहायचं की तुझ्याकडे, तुझ्या माहेरी ब्वेऱ्याला जायचं, ते त्यात ठरेल. पोरगी आईकडेच हवी असा तुझ्या बापाने निरोप धाडला, तेव्हा म्हातारे हसले. नवरा डोंगरावर असताना जिने उंबरा ओलांडला, तिच्या पदरात कुळाचं मूल कोण घालेल? आणि तू ओलांडलास. साऱ्या किहुंगुने पाहिलं, अनवाणी धावत होतीस. नाही म्हणून दाखव!

तुझे सासरे बावीस वर्षं बर्फावर गाईड होते. बावीस वर्षं मी उंबऱ्याच्या आत बसले. पाणीसुद्धा शेजारीण आणून द्यायची. एकदा छपराने पेट घेतला तरी दारातच उभी राहून बोंबलले, पाय बाहेर टाकला नाही. म्हणून ते दर खेपेला खाली आले आणि शेवटी तापाने का होईना, बिछान्यात मेले. बायको अशी असते.

आता तू म्हणशील, आई, गोऱ्याचं काय? येते, गोऱ्यावरही येते.

तो शिखर चढायला आला तेव्हा त्याच्यासोबत ना कंपनी, ना आचारी. कंपालाहून शिक्का मारलेला कागद आणला होता आणि त्याला वाटत होतं, उद्या सकाळी निघू. कंपालाच्या शिक्क्याला आमचा डोंगर घाबरतो थोडाच! इथे गाईडांच्या मंडळात नाव नोंदवा, पाळीने येईल तो गाईड घ्या, बर्फावर जायचं तर बर्फाचा बिल्ला असलेले दोन घ्या. त्याला एकच हवा होता. "मी स्वतंत्र चढणारा माणूस आहे," म्हणायचा. पाळी कुलेची होती. कुले त्याला तोंडावर म्हणाला, "दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण, तुझी आई?" कुलेनंतर तिघांची पाळी आली, तिघांनीही नकार दिला. चार दिवस तो माझ्या टपरीवर तळलेली केळी खात बसून राहिला.

मीच त्याला म्हटलं, माझा मुलगा आहे.

का म्हटलं ते तुला माहीत आहे, तू नळावर माझ्या मागेच उभी होतीस. कुलेची आई म्बाम्बु हंडा उचलता उचलता म्हणाली, "काबुघो, तुझा मुहिंदो काय, जन्मभर माझ्या कुलेची पातेली वाहील." बायका फिदीफिदी हसल्या. बावीस वर्षं बर्फावर काढलेल्या माणसाचा मुलगा, आणि हमाल! एकदा गोऱ्याला वर नेऊन आणला असता तर पुढल्या महिन्यात बिल्ला छातीवर लागला असता. मग मी नळावर गेले असते आणि बघितलं असतं, कोण हसतं ते.

मंडळाचा चिटणीस ब्वाम्बाले माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तरी अडला. म्हणाला, "मावशी, मुहिंदो ओझी वाहतो, गाईड नाही. आणि दहा दिवसांमागे दवाखान्यात होता ना?" मी म्हटलं, "त्याचा बाप कोण होता, विसरलास?" त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तब्येत ठणठणीत आहे अशी घरच्या माणसाची सही आण. पुढचं मी बघत नाही."

फॉर्म आधी तुझ्यासमोर ठेवला होता, बायको म्हणून. तू पेन खाली ठेवलंस. "आई, त्याची छाती वाजते. तुम्हाला ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, "तुझेच कान वाजतात." मुहिंदोने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हसला. "आई म्हणते तर जातो," म्हणाला. बापाचे जुने बूट पेटीतून काढून घेऊन बसला. दोन बोटं मोठे होतात म्हणून पुढे केळीचं सोपट कोंबत होता आणि खोकत होता. मी ऐकत होते. ऐकू येत होतं मला, इथुंगु.

सही मी केली.

दुसऱ्या दिवशी ते दोघं फाटकातून आत गेले आणि अर्ध्या तासात तू दवाखान्याची चिठ्ठी नाचवत आलीस. मी तिथेच होते, रेंजरला चहा द्यायला. नवा होता तो, परमुलखातला. त्याने चिठ्ठी वाचली. म्हणाला, "यात लिहिलंय, मुहिंदोने महिनाभर डोंगर चढू नये. शिटी मारून बोलावू का परत?" अजून आवाजाच्या टप्प्यात होते ते. त्याने शिटी ओठांपर्यंत नेली होती.

मी म्हटलं, "साहेब, आमच्यात मुलींच्या पाठीवर जो मुलगा होतो त्याचं नाव मुहिंदोच. या गावात तीस मुहिंदो आहेत. ही चिठ्ठी कोणाची, देव जाणे. या बाईला नवरा घरात हवा, म्हणून सोंग करते."

तो हसला आणि शिटी खिशात ठेवली. तू माझ्या पाया पडलीस, सगळ्यांदेखत. मी पाय मागे घेतले.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. वरच्या झोपडीत त्याला श्वास पुरेना. गोऱ्याला त्याने बसल्या बसल्या बोटाने वाट दाखवली, आणि तो मेला गोरा गेला की एकटाच वर! शिखर करून आला तेव्हा माझं पोर भिंतीला टेकून संपलेलं होतं. खाली आल्यावर गोऱ्याने मला स्वतःचे हातमोजे दिले आणि रडला. हातमोजे! तीन मुलींनंतर झालेल्या मुलाच्या बदल्यात.

प्रेत अंगणात उतरवलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ब्वाम्बालेची तर मान वर होईना. मी तुझ्याकडे बोट केलं. "हिने उंबरा ओलांडला." त्याला विचार करावा लागला नाही मला, तोंडातून आपोआप आलं. म्बाम्बुने मला मिठी मारली आणि माझ्याहून मोठ्याने रडली. त्या दिवसापासून नळावर मला कोणी हसत नाही. हंडा भरून देतात.

तुझी ती चिठ्ठी रेंजरच्या पायाशी पडली होती, मी उचलली. कसाव्याच्या पिठाच्या डब्यात आहे. रोज जेवणाला बुंडू ढवळायला पीठ काढते तेव्हा हाताला लागते.

हे सगळं तुला का लिहिते? मग कोणाला लिहू? दुसऱ्या कोणाला सांगितलं तर त्याला कळेल. तुला तर माहीतच आहे.

शनिवारी मी काय सांगणार ते समजलीच असशील. उंबरा. त्यापलीकडे एक शब्द नाही. मसिका माझ्याकडे राहील. खरं सांगितलं तर पोरगी जाईल, नळ जाईल, आणि बसल्या जागी मला मुहिंदोचा खोकला ऐकत बसावं लागेल. पोरगी घरात बडबड करते तेवढा वेळ तो ऐकू येत नाही. तू तरुण आहेस, दुसरं लग्न करशील, सहा मुलं होतील. मला आता काय होणार आहे?

पत्र घेऊन बैठकीला यायचं असेल तर खुशाल ये. अक्षर मिशनच्या शाळेतलं आहे, आम्हा सगळ्या जणींचं सारखंच. आणि आईबापाची तिसरी मुलगी ती काबुघो. या डोंगरावर शंभर काबुघो आहेत. कोणी लिहिलं, देव जाणे.

मसिकाचा लाल झगा तुझ्याकडे राहिला आहे. तो पाठवून दे, तिला थंडी वाजते.

खाली सही करत नाही. एकदा केली तेवढी पुरे झाली.

मसिकाची आजी