खिसा कोणाचा?

प्रिय रोमन,

पाकिटावर पाठवणारा म्हणून पप्पांचं नाव वाचूनही तू ते कचऱ्यात टाकलं नाहीस, फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. नाव त्यांचं असलं तरी अक्षर माझं आहे हे तू ओळखलं असशीलच. शाळेतले तुझे निबंध कोण लिहून द्यायचं ते विसरला नसशील. ते नाव का घातलं ते शेवटी सांगते. सोबतची पुरचुंडी आत्ताच सोडू नकोस, आधी वाचून काढ. फोनच केला असता, पण मी 'पप्पा' म्हटलं की तुझी रेंज जाते. शिवाय आपल्या स्वयंपाकघरात बोललेलं गॅरेजमध्ये जसंच्या तसं ऐकू जातं आणि पप्पा दिवसभर गॅरेजमध्येच असतात.

येत्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा आहे. लोकांनी आतापासूनच फुटपाथवर खुर्च्या टाकून जागा अडवल्यात, संध्याकाळ झाली की जुन्या इंजिनांच्या घरघरीनं आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. पप्पांनी बकरी धुऊन, पुसून, चाकांच्या कडासुद्धा दात घासायच्या ब्रशनं घासून तयार ठेवलीय. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंना मी सहज सांगितलं की पप्पा बकरीला आंघोळ घालतायत, तर त्या कुंपणावरून मान उंच करून बघायला लागल्या. आपल्या या जुन्या जीटीओ गाडीला सगळे बकरीच म्हणतात, हे त्यांना कुठलं ठाऊक! असो. सांगायचं ते हे की शनिवारी पप्पांना बकरी घेऊन वुडवर्डवर जायचंय, स्वतः चालवत, आणि रोमन, त्यांनी आता गाडी चालवता कामा नये.

डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं. विसराळूपणा नाही, आजार आहे, हळूहळू वाढणारा. फार हळुवारपणे सांगितलं त्या माणसानं, पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "बाहेर त्याची गाडी बघितलीस? जपानी आहे. त्याला काय डोंबल कळतंय!" मी हसले. हसायला नको होतं, पण तू तरी काय केलं असतंस?

मग मे महिन्यातला तो दिवस. चर्चमधून परत येताना आम्ही वुडवर्डवर सिग्नलला थांबलो होतो. शेजारी लाल मस्टँग आली, आत एक टकलू. त्यानं पप्पांकडे बघून इंजिन गुरगुरवलं. असे वेडे दर रविवारी भेटतात. पप्पा टोपीला बोट लावतात, "जा बाबा, पुढे हो," म्हणतात आणि सावकाश निघतात. तुला आठवतंय ना, आपण दोघं मागच्या सीटवरून "पप्पा, दाखवाच त्याला!" म्हणून किती ओरडायचो, पण कधी दाखवलं नाही त्यांनी. त्या दिवशी दाखवलं. हिरवा दिवा लागताच त्यांनी असा पाय दिला की माझी मान मागे आपटली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, हात लोण्यासारखा चालत होता, एकही चूक नाही. "व्हर्ना, घट्ट धर!" असं ते ओरडले. आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला म्हणाले व्हर्ना. मस्टँगवाला केव्हाच मागे पडला होता. पुढच्या चौकात दिवा लाल झाला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते त्या लाल दिव्याकडे बघत होते, नीट बघत होते, पण त्याचा अर्थ काय हे त्यांना आठवत नव्हतं. रोमन, भिंतीवरच्या चित्राकडे बघावं तसं बघत होते. मी ओरडले, आणि मग वाकून किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं. गाडी गिअरमध्ये होती म्हणून धक्के खात थांबली, तरी नाक चौकात गेलंच. समोरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, इतक्या जवळून की त्याच्या वाऱ्यानं माझे केस उडाले. पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं डेल, तू कधी बसलीस गाडीत?"

त्यानंतर मी किल्ली लपवली असेल, असं तुला वाटेल. एक लपवली तर त्यांच्याकडे आणखी निघतात, डब्यात, खिळ्यावर, घड्याळामागे. आणि किल्ली नसली तरी ती गाडी त्यांचे हात झोपेतसुद्धा सुरू करतील. म्हणून मी दुसरं काम केलं. पप्पा दाढी करत होते तेवढ्यात मी गॅरेजमध्ये गेले, इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, दोन स्क्रू सोडले आणि आतला रोटर काढून ॲप्रनच्या खिशात टाकला. मलाही त्यांनीच शिकवलेलं. तो तळहाताएवढा काळा गोल तुकडा बसवल्याशिवाय ठिणगी पुढे जाणार नाही आणि गाडी जागची हलणार नाही.

तुला काय सांगायला हवं! आपलं सगळं घरच त्या तुकड्यावर चालायचं. पेठेत, चर्चला, कुठेही बकरी उभी केली की पप्पा रोटर काढून खिशात घालणार, म्हणजे चोरानं डोकं आपटलं तरी गाडी हलायची नाही. आईची किती चिडचिड, की प्रत्येक शर्टाच्या खिशावर काळा डाग. निघताना घरात एकच प्रश्न, "खिसा कोणाचा?" ज्याच्या खिशात रोटर, तो चालवणार, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आई बिंगोला जायची तेव्हा खिसा तिचा, आणि मग पप्पा शेजारच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून, तोंडाला कुलूप घालून बसायचे. तिनं गिअर करकरवला तरी चकार शब्द नाही. तुझा खिसा पहिल्यांदा झाला त्या दिवशी तू गल्लीला फेरी मारून आलास आणि अंगणात ओकलास, तेही लक्षात आहे माझ्या.

मला वाटलं होतं, घटकाभरात त्यांना कळेल. गाडी सुरू झाली नाही की ते डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडतील, रिकामी जागा बघतील आणि ओरडत येतील, "डेल! आण इकडे!" मी भांडायला तयार होते. किंबहुना ते भांडण व्हावं असंच मला वाटत होतं, कारण ते झालं असतं तर त्याचा अर्थ अजून पप्पा जागेवर आहेत असा झाला असता. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी टोपी उघडली. रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. आणि मग, रोमन, त्यांनी आपल्या शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग खुंटीवरच्या जाकिटाचे दोन्ही. मग टोपी होती तशी बसवली, स्टुलावर बसले आणि बराच वेळ हातांकडे बघत राहिले. जेवताना म्हणाले, "कार्ब्युरेटर गेलाय. पार्ट मागवलाय." पुढ्यातल्या बटाटा भरलेल्या पिरोगी त्यांनी चिवडून ठेवल्या.

त्यांना वाटतंय की रोटर त्यांनीच काढला आणि कुठे ठेवला ते विसरले. माझ्यावर संशयसुद्धा नाही. त्या दिवसापासून ते घर शोधतायत, मी बाजारात गेले की. परत आले की मला कळतं. कपाटातल्या सगळ्या कोटांचे खिसे बाहेर लोंबत असतात. आईचा निळा कोट अजून आहे, त्याचेही खिसे उलटे केलेले, आणि तिची खोकल्याची गोळी कागदासकट टेबलावर ठेवलेली. लाँड्रीवालीला फोन केला, पुटपुटत. दुकानात नवा रोटर मिळतो हे त्यांना ठाऊक आहे, पण नवा घ्यायचा म्हणजे जुना हरवला हे कबूल करायचं, तेही त्यांच्या मित्राच्या, ऑगीच्या, मेहुण्याच्या दुकानात. परवा मी भांडी पुसत होते तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "डेल, माणूस एखादी गोष्ट जपून ठेवतो, खूपच जपून ठेवतो, आणि मग..." माझ्या ॲप्रनच्या खिशात तो रोटर होता. मी बशी खाली ठेवली.

परत बसवून टाकावा तर शनिवारी ते वुडवर्डवर जातील, आणि तिथे रस्त्याच्या कडेला लेकरंबाळं घेऊन लोक बसलेले असतील. खरं सांगावं तर माझ्यावरचा विश्वास उडेल. मग त्यांना गोळ्या कोण देणार, आणि संध्याकाळी घर ओळखू येईनासं झालं की हात कोणाचा धरणार ते? आणि वर हा ऑगी! त्याची शेव्हल गाडी घेऊन दोघांनी शेजारी शेजारी जायचं ठरलंय. काल फाटकातूनच ओरडला, "काय रे कॅसिमिर, बकरीनं चारा सोडला की म्हातारा मालक सोडला?" पप्पा हसले, पण ते हसू मी ओळखते. ऑगी शुक्रवारी हत्यारांची पेटी घेऊन येतोय, कार्ब्युरेटर बघायला. तो टोपी उघडणारच, आणि मोठ्यानं विचारणारच की रोटर कुठाय. पप्पांना त्याच्यासमोर पुन्हा खिसे चाचपावे लागतील. मग तो मेहुण्याच्या दुकानातून नवा आणून बसवेल, आणि शनिवार आहेच.

तुमच्या भांडणाचं मी काही काढणार नव्हते, पण काढते. तुला बकरीत नवं इंजिन घालायचं होतं, कॉम्प्युटरवालं, नवे ब्रेक, सगळं. पप्पा म्हणाले, "माझ्या गाडीत परकं काळीज बसवशील तर या घरात पाय ठेवू नकोस." तू म्हणालास, "मग चालवू नका, हार घालून पूजा करा तिची." दोघंही सारखेच हट्टी. आईच्या अंत्यसंस्काराला आलास तो मागच्या बाकावर बसलास आणि जेवायलाही न थांबता ॲरिझोनाला परत गेलास. तुझ्या त्या वाळवंटात गाड्यांना गंज चढत नाही म्हणतात. माणसांना चढत असावा. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. लपीर गावच्या त्या कोठारातून आपण बकरी आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या आणि गाडीच्या तळाच्या भोकातून जमीन दिसायची, आठवतं? त्या भोकाला तू पहिल्यांदा वेल्डिंग केलं होतंस, वेडंवाकडं, सुरवंटासारखं. नंतर पप्पांनी सगळी गाडी दोनदा उघडली, प्रत्येक इंच घासून कारखान्यातल्यासारखा केला, पण तो टाका तसाच ठेवलाय. ऑगीनं विचारलं, हे एवढं बेंगरूळ का ठेवलंस? म्हणाले, "ते मूळचं आहे. त्याला हात लावायचा नाही."

आता पुरचुंडी सोड. आईच्या पिवळ्या फडक्यात आहे तो बकरीचा रोटर, दोन्ही स्क्रूंसकट. गुरुवारपर्यंत ये, ऑगीच्या आधी. कसा येतोस ते तू बघ. रोटर शर्टाच्या खिशात घाल, फुगलेला दिसू दे, आणि हे रिकामं पाकीट हातात धर. पप्पा दार उघडतील तेव्हा म्हण, "पप्पा, तुम्ही हा पोस्टानं पाठवलात ना मला? म्हणून आलो." प्रेषक म्हणून त्यांचं नाव घातलंय ते एवढ्यासाठीच. रोटर हरवला नव्हता, त्यांनीच मुलाला बोलावण्यासाठी धाडला होता, असं त्यांना वाटू दे. हे खोटं आहे, आणि त्यांना ते कळेलही कदाचित. तरी ते मानून घेतील, कारण ते खरं असावं असं त्यांनाही फार दिवसांपासून वाटतंय, हे मी त्यांच्याजवळ राहून बघते आहे. मग पायरीवर मी येईन आणि आईसारखं विचारेन, "खिसा कोणाचा?" तू सांग, "माझा." नियम त्यांचाच आहे, तो ते मोडणार नाहीत. शनिवारी वुडवर्डवर तू चालव, ते शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसतील. मी मागे बसेन, कोंबड्यांच्या जागेवर.

वाट बघते आहे,

तुझीच,
डेल्फीन