खलबत्त्यातलं तांबं

नाशिक,
१३ जानेवारी १९८१

चि. श्यामल,

थोरली बहीण म्हणून आशीर्वाद द्यायलाच हवेत, तेव्हा अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. थंडी मरणाची आहे, आणि ह्यांना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पहाटपाळी लागली आहे.

तुझं पत्र आणि सोबतचा डाइकवरचा निबंध येऊन आठवडा झाला. ‘अभिनंदन’ हा शब्द काही हातून लिहवेना. ह्यांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि डाइक म्हणजे काय, विचारलं. मी सांगितलं, “कोट्यवधी वर्षांपूर्वी इथला भूभाग ताणला गेला, चिरला गेला. चिरेतून शिलारस वर आला नि आतच गोठला. भोवतालचा खडक झिजून ती काळी भिंत आता उघडी पडलीय.” तर म्हणतात, “म्हणजे श्यामलने शोधलेली भिंत!”

श्यामलने! त्र्यंबकच्या रस्त्याने तिथे तुला मी नेलं होतं. बी.एस्सी.ला पहिली मी आले; माझं लग्न झालं आणि संशोधन तुझ्या वाट्याला आलं. निबंधात माझे साधे आभारही नाहीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खरं. पोटात दुखतं गं माझ्या, आणि ते लपवायचा मला कंटाळा आलाय.

त्या दगडात तांबं नेहमीच्या कितीतरी पट निघालं, म्हणून शिलारस फार खोलातून, वाटेत न थांबता आला असावा, असं तू महिनाअखेरीस परिषदेत सांगणार आहेस.

काल तिळगुळासाठी वेलदोडे कुटायला आईचा पितळी खलबत्ता काढला. आत ताजे चरे. दिवाळीत हैदराबादच्या गाडीची घाई, आणि “ताई, एवढंच कुटून नेते,” म्हणत तू त्या डाइकचे तुकडे ह्यातच कुटलेस. मी पोळ्या लाटत होते, लक्षही दिलं नाही. पितळेत तांबं नि जस्त असतं, श्यामल. तुझ्या नमुन्यात जस्तही वाढलंय का, बघ.

खलबत्ता धुऊन मी फडताळात मागे सारला. म्हटलं, परिषदेत वाचू दे तो निबंध. भर सभेत कुणीतरी विचारेल, बाईसाहेबांची चांगली जिरेल. रात्रभर फार बरं वाटलं.

आज सकाळी मात्र हातोडी घेऊन त्र्यंबकची बस धरली. सोबत डाइकच्या कडेचा तुकडा पाठवतेय. तिथला रस झटकन गोठतो, मूळ रसायन तिथेच टिकतं, हे तुला मीच शिकवलं होतं. कुटलेला नाही.

तिळगूळही आहे. गोड बोलणं यंदा जमणार नाही. निबंध नव्याने लिही, त्यावर माझं नाव घाल, आणि आधी घाल.

तुझ्याआधी जन्मलेली,
लतिका