खरा धबधबा पलीकडून दिसतो

४ एप्रिल

व्हिसा नामंजूर झाला, असं आज यांना सांगून टाकलं. दोघांचाही. मुद्दाम जेवताना सांगितलं, म्हणजे तोंडात घास असताना फार विचारता येणार नाही. तरी विचारलंच. "नकाराचं पत्र कुठंय?" म्हटलं, खिडकीवरच्या बाईनं तोंडीच सांगितलं. "तोंडी नकार? असा कुठे असतो?" पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला माणूस! कागद दाखवल्याशिवाय त्याला सूर्य उगवलेलाही पटत नाही.

खरं काय ते इथे लिहिते. अर्ज मी दिलेच नाहीत. दोन्ही फॉर्म, फोटो, पासपोर्ट, सगळं पाकीट दातांच्या लॅबमध्ये माझ्या कपाटात आहे, प्लास्टरच्या जबड्यांच्या मागे. गेले बारा दिवस.

५ एप्रिल

कामात लक्ष नाही. एका आजोबांच्या कवळीत वरचे पुढचे दोन दात अदलाबदल करून बसवले. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. सव्वीस वर्षं कवळ्या करतेय, अशी चूक पहिल्या महिन्यातही केली नव्हती. मालक म्हणाले, "बाई, हे आजोबा हसले तर नातवंडं पळतील." मेण वितळवून पुन्हा बसवले.

७ एप्रिल

हे असं का केलं, ते एकदा नीट लिहून काढावं.

माझी धाकटी बहीण पलीकडच्या देशात राहते. अकरा वर्षं झाली, तिला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वृद्धाश्रमात काम करते, परक्यांच्या आयांना न्हाऊ घालते. कायमचं राहायचे तिचे कागद अजून व्हायचेत. ते होण्याआधी देश सोडला तर परत आत घेत नाहीत, म्हणून आई गेली तेव्हाही ती येऊ शकली नाही. आता हे निवृत्त झाले, तर यांच्या डोक्यात आलं — आपणच जाऊ. दोन देशांच्या मधोमध तो धबधबा. तो बघायचा, पूल ओलांडायचा आणि चार दिवस धाकटीकडे राहायचं. "नाहीतरी खरा धबधबा पलीकडूनच दिसतो. आपल्याकडून नुसती त्याची पाठ दिसते." हे वाक्य यांनी आतापर्यंत मला, दूधवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवलंय.

आईचं आजारपण मी काढलं. चौदा महिने. लॅबमधून धावत यायचं, तिचं अंग पुसायचं, औषध, पेज, चादरी. आणि आई मला धाकटीच्या नावानं हाक मारायची. शेवटच्या आठवड्यात तर एकच धोशा — "ती आली का?" दाराकडे बघत. मी समोर वाटी घेऊन बसलेली असताना!

आई गेली त्या दिवशी धाकटीनं फोनवर विचारलं, "ताई, माझी आठवण काढली का गं तिनं?"

मी म्हटलं, "नाही. एकदाही नाही."

याला तीन वर्षं झाली. चार दिवस तिच्या घरात राहिले तर हे माझ्या तोंडून बाहेर पडणार. किंवा पडणार नाही, आणि तिच्या हातचं खाऊन, तिच्या अंथरुणावर झोपून मी तशीच परत येणार. ते मला जास्त भीतीचं वाटतं.

८ एप्रिल

हे वकिलातीला तक्रार लिहायला बसले. तीन पानं झाली. "सदर खिडकीवरील महिला कर्मचारी" इथपर्यंत वाचून दाखवलं. त्या बिचारीला मी पाहिलेलंही नाही.

१० एप्रिल

धाकटीला फोन केला. व्हिसा नाही मिळाला म्हटलं. ती पटकन म्हणाली, "जाऊ दे ताई. तू तुझ्या काठावर ये, मी माझ्या काठावर येते. लांबून तर लांबून."

किती लवकर मानलं तिनं. हायसं वाटलं. भांडी घासताना मात्र लागलं मनाला. जरा तरी हट्ट करायचा होतास.

तिथे म्हणे इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. मला तेच हवंय. बघायचं, हात करायचा, घरी यायचं.

१३ एप्रिल

यांचा नवा बेत तयार. तक्ता आखलाय, पट्टीनं! दोन्ही काठांवरून बोटी सुटतात आणि धबधब्याच्या पायथ्याशी एकमेकींच्या जवळून जातात. आम्ही आमच्या अकराच्या बोटीत, धाकटी तिच्या अकराच्या बोटीत. ओळख पटावी म्हणून पिवळा रंग. मी पिवळा स्कार्फ, ती पिवळा स्वेटर. शेजाऱ्यांकडून दुर्बीण मागून आणलीय, आणि हे गॅलरीत उभे राहून समोरच्यांच्या खिडक्यांवर सराव करतायत. आज ना उद्या मार खाणार.

१६ एप्रिल

पाकीट घरी आणलं. परत नेलं.

२० एप्रिल

तक्रारीचं पत्र उद्या रजिस्टर्डनं जाणार होतं. मी म्हटलं, राहू द्या ना आता, बोटींचं ठरलंय. हे म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच चाललंय. एकदा धाकटीच्या गळ्यात पडून रडलीस की मोकळी होशील."

मी ओरडलेच. "मला नाही व्हायचं मोकळं!"

चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मग पत्र खणात टाकलं आणि टीव्ही लावला. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आज सांगून टाकलं असतं, असं आता वाटतंय. आता वाटून काय उपयोग?

२५ एप्रिल

बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. लॅबमध्ये कवळी लावून बघायला आलेल्या एका आजी म्हणाल्या, "लेक येणारेय माझी, तिला पूर्ण तोंडानं हसून दाखवायचंय." मी तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

२८ एप्रिल

पोचलो. खोली लहान, खिडकीची काच सतत ओली. धबधबा दिसायच्या आधी पायांखाली कळतो, जमीन थरथरत असते. कठड्याशी गेलो. एवढं पाणी एका वेळी बघवत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पलीकडच्या काठावर माणसं मुंग्यांएवढी. तुषार इतके की मधूनमधून तो काठच नाहीसा होतो. दुर्बिणीतून यांना एक हॉटेल आणि एक कुत्रा दिसला.

धाकटीचा निरोप — पोचले, पिवळा स्वेटर घातलाय.

२९ एप्रिल

काय म्हणावं! बोटीत चढायच्या आधी प्रत्येकाला निळा रेनकोट देतात, डोक्यावरून गुडघ्यापर्यंत. घालावाच लागतो. स्कार्फ गेला आत. आणि समोरची बोट आली ती सगळी लाल! शंभरेक माणसं, सगळी लाल टोप्यांमध्ये, फक्त नाकं बाहेर. पट्टीनं आखलेल्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं.

हे दुर्बीण पुसत होते, पुन्हा लावत होते. "ती बघ, टोकाची!" मग, "नाही नाही, तो पुरुष आहे." बोटी अगदी जवळ आल्या. मी दोन्ही हात वर करून हलवले. तर समोरच्या सगळ्यांनीच हात हलवले. शंभर जणांनी. मी वेड्यासारखी एकेका नाकाकडे बघत होते. माझ्या सख्ख्या बहिणीला मी ओळखू शकले नाही. खूप रडले. सगळेच भिजलेले, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

दुपारी तिचा फोन. "ताई, मी सगळ्या निळ्यांना हात केला गं. म्हटलं, त्यात एक तू असशीलच." दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो तशा. मग म्हणाली, "आईला सांगितलं असतं तर हसून लोळली असती." आणि अगदी साध्या आवाजात, "मी सांगितलेलं तिला आवडलं असतं की नाही कुणास ठाऊक. शेवटी तिनं माझं नावही टाकलं होतं."

मी फोन कानापासून खाली घेतला. यांनी फोन हातातून घेतला आणि तिच्याशी हवापाण्याचं बोलले.

संध्याकाळी यांना पाकिटाचं सांगितलं. आईचंही. म्हणाले, "पाकिटाचं माहीत होतं. पस्तीस वर्षं पोस्टात होतो, न टाकलेलं पाकीट मला कळतं." मग तक्रार का लिहीत बसलात, म्हटलं. "तू थांबवशील म्हणून. तीन पानं वाट बघितली." आईबद्दल मात्र एवढंच म्हणाले, की ते मला नाही, तिला सांग.

३० एप्रिल

सकाळी सातला धाकटीला फोन केला. ती हॅलो म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. अर्ज मी दिलाच नव्हता. आणि आई शेवटच्या दिवसापर्यंत तुझीच वाट बघत होती, मी खोटं बोलले. वाटलं, रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

मग म्हणाली, "ताई, माझे कागद चार वर्षांपूर्वीच झालेत. आई असतानाच. मला तिला तसं बघायचं नव्हतं."

फोन ठेवून द्यावासा वाटला. ठेवला नाही. म्हटलं, "मग पूल ओलांडून ये. नऊला मी या टोकाशी उभी आहे."

साडेआठ झालेत. हे बूट घालून दारात थांबलेत. तिला काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही.