पाचव्या मण्याचा पीळ

पिंप्राळा, जळगाव
१४ मार्च १९९८

तीर्थरूप नाना,

प्रमिलाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना सांगा, दोंडाईच्याच्या मिरच्या पोचल्या (दोनच खाल्ल्या, मग तासभर कोणाशी बोलले नाही). मी बरी आहे. पण कॉलेजात जे घडलं ते इथे कोणाला सांगता येत नाही, म्हणून भाच्यांची उठाठेव सहन करणाऱ्या तुम्हाला लिहिते.

आमचे गिरधर सर दीड वर्षापूर्वी वारले, तेव्हापासून त्यांची कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे आहे. तिथे पडद्यावर प्रथिनांचे रेणू पाहता येतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, जागोजागी दोरीसारखी पिळलेली. मण्याने पुढच्या चौथ्या मण्याला धरलं तर तो अल्फा पीळ, तिसऱ्याला धरलं तर घट्ट पीळ, पाचव्याला धरलं तर सैल. या सैल पिळाला 'पाय' म्हणतात (ग्रीक अक्षर आहे, चालण्याशी संबंध नाही). कॉम्प्युटर मात्र सगळ्यांना एकच गुलाबी रंग देतो. मीही रंग पाहूनच प्रात्यक्षिक परीक्षेत सगळे पीळ अल्फा धरले, आणि मंजुळा नावाच्या मुलीने एका जागी 'पाय' लिहिलं म्हणून तिला नापास केलं. तिचं वर्ष जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खोली उघडली, तर परीक्षेतला तोच रेणू पडद्यावर सावकाश फिरत होता. माउसमधला गोळा अडकला असेल म्हणून काढून पुसला. मग माउसची वायरच उपटली. रेणू फिरतच राहिला. फक्त दर फेरीला एकाच जागी क्षणभर थबकायचा. झाडायला आलेल्या भिकुबाईंनी विचारलं, काय शोधता. मी म्हटलं, पाय. त्यांनी केरसुणी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "उलटा शेतस का?"

उलटे आहेत का, म्हणजे भुताचे; पण मला हसू आलं नाही, नाना. रेणू थबकला तिथली, मण्याची पकड दाखवणारी तुटक रेघ कुठल्या मण्याला जाते ते बोटाने मोजलं. पाचव्या. परत मोजलं. पाचव्याच. मी बोट उचललं आणि रेणू स्थिर झाला.

संध्याकाळी गुण दुरुस्त करून मंजुळाच्या घरी माफी मागायला गेले. ती गेल्या जूनमध्ये वरणगावहून आमच्या कॉलेजात आलेली. रागावली नव्हती. म्हणाली, "मॅडम, मी पण अल्फाच लिहिणार होते. मागे उभे होते ते सर म्हणाले, रंग पाहू नकोस, मोज."

परीक्षेला त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी शिक्षक नव्हता. सर कसे दिसत होते, असं मी विचारलं. उंच, म्हणाली, आणि शर्टाच्या खिशावर शाईचा मोठा डाग. तो डाग गिरधर सरांच्या शेवटच्या दिवशी माझ्याच पेनाने पडला होता. मी चहा न घेताच निघाले.

तुमची,
प्रमिला

ता. क. पत्र खरं तर यासाठी, की धुळ्याच्या कॉलेजात जागा निघाली आहे. तिथले यादवराव तुमच्या ओळखीचे. माझ्यासाठी शब्द टाका, आणि लवकर टाका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. यादवरावांना काही बोलू नका. आज एका नव्या रेणूत मी अडले; तिसरा मणी की चौथा, ठरेना. शेवटी खुर्ची जराशी पुढे ओढून बसले, मागे एक माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून.